लाल गाडीवाल्याची आपसी बदली

आमच्या कार्यालयात व्हिडिओ गेममधल्या माणसांच्या एका गेममधून दुसऱ्या गेममध्ये बदल्या होतात. हे काम मे महिन्यात चालतं. एकतीस मेला संध्याकाळी पाचला खिडकी बंद झाली की वर्षभर कुणाला हलता येत नाही. एका कॅसेटमध्ये चौसष्ट गेम असले तर त्या चौसष्टांचा मिळून एक तालुका धरतात, आणि तालुक्याबाहेर आम्ही कुणाला पाठवत नाही.

मी या टेबलावर एकोणीस वर्षं आहे. कुस्तीच्या गेममधला एक पैलवान गुडघे गेले म्हणून फुगे फोडायच्या गेममध्ये गेला, त्याची फाइल मीच केली. अंतराळातल्या एका शिपायाला उंचीची भीती वाटायची, त्याला भुयारात जागा मिळवून दिली. दोघं सुखात आहेत. दिवाळीला फराळ पाठवतात. लाडू चौकोनी असतात, पण चवीला चांगले.

गेल्या वर्षी सव्वीस मेला मोटार शर्यतीच्या गेममधला लाल गाडीवाला आला. आला म्हणजे खिडकीसमोरून गेला. त्याला थांबता येत नाही. गाडी त्यानं फाटकाबाहेर ठेवली होती आणि हेल्मेट घालून तो आमच्या व्हरांड्यातून गोल पळत होता. दर चाळीस सेकंदांनी तो माझ्यासमोर यायचा. एका फेरीला मी प्रश्न विचारायचा, पुढच्या फेरीला त्यानं उत्तर द्यायचं, असं आम्ही ठरवलं. ठरवण्यातच तीन फेऱ्या गेल्या.

"बदली कुठं हवी?"

"तळ्यावर, मॅडम. मासे पकडायच्या गेममध्ये."

"कारण?"

"एका जागी बसायचंय."

मी 'बसणे' असं लिहिलं. बत्तीस वर्षं तो एकाच रस्त्यावर गाडी हाकत होता आणि समोरचा निळा डोंगर तसूभर जवळ आला नव्हता. तोच डोंगर तळ्यामागेही आहे, असं त्याच्या कानावर आलं होतं. ते खरं आहे. चित्र काढणाऱ्यांनी एकच डोंगर दोन्हीकडे वापरलाय.

"एकटे की कुटुंबासह?"

पुढच्या फेरीला तो म्हणाला, "शेवटच्या रेषेवर ती झेंडेवाली उभी असते ना," आणि आणखी चाळीस सेकंदांनी, "तिच्यासह."

पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज वेगळा असतो. तो मी काढला आणि पत्नीचं नाव विचारलं.

"माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला. "दोनशेच्या वेगानं जातो हो मी. एकदा विचारलं होतं. उत्तर मागं राहिलं."

आमचे उकिडवे साहेब नियमाला पक्के. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"खरमाटेबाई, नाव माहीत नाही, ती पत्नी कशी?"

"पत्ता एकच आहे, साहेब. बत्तीस वर्षं."

"पत्ता एक असला तर शेजारीण होते," साहेब म्हणाले. "जा, स्थळपाहणी करा. तिची संमती घ्या. सगळं एकतर्फी निघालं तर फाइल बंद."

अठ्ठावीस तारखेला मी स्थळपाहणीला गेले. कॅसेटमध्ये दोनदा फुंकर मारून ती नीट बसवली की आत जाता येतं. आत कायम दुपारचे चार वाजलेले असतात. आभाळाला तीन रंगांचे पट्टे आहेत, वारा नाही, आणि रस्त्याकडेची झाडं सगळी एकसारखी. पांढऱ्या रेषेपाशी ती चौकटीचा झेंडा घेऊन उभी होती. मी ओळखपत्र दाखवलं आणि अर्ज वाचून दाखवला.

"तळ्यावर काय असतं?" तिनं विचारलं.

"बसायचं असतं."

"बसायचं?" ती चिडलीच. "अहो बाई, बत्तीस वर्षं एका जागी उभी आहे मी. आता बसायचं नाही, उभं राहायचं नाही. मला फिरायचंय. वळायचंय. मनात येईल तिकडं जायचंय."

तेवढ्यात लाल गाडी आली आणि गेली. तिनं झेंडा हलवला. गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिकडंच पाहत राहिली.

"पण ते नसतील तिथं नको," ती हळूच म्हणाली.

मला भरून आलं. स्थळपाहणीत असं होता कामा नये, पण झालं. एकाला थांबायचं होतं, दुसरीला हलायचं होतं, आणि दोघांना एकत्र राहायचं होतं. असा रकाना आमच्या कुठल्याच नमुन्यात नाही. निघताना मी तिचं नाव विचारलं.

"त्यांनाच विचारू दे," ती म्हणाली. "तोवर जागा रिकामी ठेवा."

परत येऊन मी तळ्याच्या गेमची मंजूर पदं पाहिली. पदं दोनच: एक गळवाला, एक मासा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गळवाला बसतो. मासा फिरतो.

आपसी बदलीला, म्हणजे जागांच्या अदलाबदलीला, समोरच्यांची संमती लागते. गळवाल्या आजोबांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सही केली. चित्र काढणाऱ्यांनी त्यांना बसलेलंच काढलं होतं, त्यांनी कधी उठून पाहिलं नव्हतं. गाडीत पाय लांब करता येतात का, एवढंच त्यांनी विचारलं. मासा जरा विचारात पडला, मग झेंडा सरळ धरीन असं लिहून देऊन मोकळा झाला. झेंडेवालीला मी पद समजावलं.

"पोहायला मिळेल?"

"तेच काम आहे."

तिनं झेंड्याची नीट घडी घातली आणि सही केली.

"मासा झेंडा दाखवणार?" साहेबांनी विचारलं.

"लेखी हमी आहे, साहेब."

"मग हरकत नाही. पण यानं तिला गळाला लावलं तर?"

हे मला सुचलं नव्हतं. साहेबांनी स्वतः दोन अटी घातल्या. गळाचा आकडा काढून टाकावा, दोरी राहू द्यावी. आणि हजर झाल्यापासून दहा दिवसांत अर्जदारानं पत्नीचं नाव तिच्याच तोंडून ऐकून रकान्यात भरावं, नाहीतर दोघांनी आपापल्या मूळ पदावर परत जावं. एकतीस मेला पाचला दहा मिनिटं कमी असताना आदेशावर सही झाली.

नऊ दिवस तळ्यावरून कागद आला नाही. दहाव्या दिवशी दुपारी मला जागेवर बसवेना. मी स्वतःच गेले.

तळ्यावरही दुपारचे चारच वाजलेले होते. निळा डोंगर समोर होता, अगदी जवळ. तो काठावर बसला होता. हेल्मेट काढून शेजारी ठेवलं होतं. मी त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला, साधा होता. दोरी पाण्यात सोडलेली होती आणि सारखी थरथरत होती.

"बसता येतंय, मॅडम," तो म्हणाला.

"ते दिसतंय. नाव कुठाय?"

"विचारलं नाही अजून."

"दहा दिवस काय करत होतात?"

"ऐकत होतो." त्यानं दोरी कानाजवळ धरली. "ती बोलतेय. बत्तीस वर्षांचं साठलंय तिचं. मधेच कसं तोडू?"

"आज पाचला आदेश रद्द होईल. तुम्ही पुन्हा रस्त्यावर, ती पुन्हा रेषेवर."

त्यानं दोरी तोंडाशी नेली आणि काहीतरी विचारलं. दोरी थांबली. पाणी इतकं स्थिर झालं की त्यात डोंगर उलटा दिसला. तळाशी एक सावली वळली, लांब गेली, एक मोठा फेरा मारून परत आली. मग दोरी हलली, दोनदाच.

त्यानं पेन मागितलं. त्यानं अक्षरं मोठी काढली, रकाना लहान पडला, शेवटचं अक्षर बाहेर गेलं. मी नाव वाचलं. चांगलं नाव आहे.

मी कार्यालयात पोचले तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. साहेबांनी रकाना पाहिला, बाहेर गेलेल्या अक्षराला मान्यता म्हणून आद्याक्षरं केली आणि शिक्का मारला.

शर्यतीचा गेम व्यवस्थित चालू आहे. आजोबा वेगानं गाडी हाकतात, मासा झेंडा सरळ धरतो. तळ्याच्या गेमबद्दल मात्र खेळणाऱ्यांच्या तीन तक्रारी आल्या, की कितीही वेळ बसलं तरी मासा सापडत नाही. तक्रारदारांना मी लेखी उत्तर दिलं आहे: आकडा आदेशानुसार काढलेला आहे; मासा सध्या बोलत आहे; बोलणं संपल्यावर कळवण्यात येईल.