काळगरुड नारिंगी जाहला, त्याची हकीकत

श्री. रेषेस प्राण देणारा जो परमेश्वर, त्यास नमन करून हे वर्तमान लिहिले असे. शके १९१९, ईश्वरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी समुद्रकाठी एक राज्य होते, आणि त्या राज्यात अनंतराव उकिडवे नामे चित्रकार नांदत होते, आणि त्यांणी तरुणपणी काळगरुड म्हणोन एक महावीर चित्रकथेत निर्माण केला होता. काळगरुडाचा पोशाख काळा, पंख काळे, मुद्रा कठोर. धाकटा बंधु मुकुंद खाडीत बुडाला, त्या दुःखाने त्यास पंख फुटले, आणि मग तो दुष्टांचे पारिपत्य करीत फिरे, परंतु कधी हासला नाही. पुस्तके घरोघर गेली आणि लोक वाहवा करिते जाहले. परंतु एक गोष्ट कोणास ठाऊक नव्हती, की मुकुंद हा अनंतरावांचाच सख्खा भाऊ, आणि बारा वर्षांचा असता तो खरोखरच खाडीत गेला, आणि अनंतराव काठावर उभे होते आणि त्यांस पोहता येत नव्हते.

मग चित्रवाहिनीच्या दरबारी मसलत जाहली जे, काळगरुडाचे हलते चित्र करून शनिवारी प्रातःकाळी मुलांस दाखवावे. अनंतरावांणी रुकार दिला, मात्र अट घातली की पहिला भाग आपण पाहून मान्य केल्यावाचून बाहेर पडू नये. मग चित्रकारांचे पथक वर्षभर खपले, आणि कथेची जोखीम मृणालबाई नाटेकर यांजकडे होती. बाई वयाने लहान, परंतु बहुत धीराच्या.

पुढे पाहण्याचा दिवस आला. अनंतराव इस्त्रीचा सदरा घालून दरबारी गेले, आणि सर्व मंडळी पाठीशी उभी राहिली, आणि पडदा उजळला. पाहतात तो काळगरुड नारिंगी! काळा रंग पडद्यावर उठत नाही, सबब नारिंगी केला. आणि मुलांस मारामारी दाखवू नये, सबब ठोसा न मारता चोरांवर जाळे टाकी. आणि सोबतीस एक बोलके बदक दिले, ते चष्मा लावी आणि भजी मागे. अनंतरावांच्या भुवया चढल्या. इतक्यात खाडी आली, मुकुंद पाण्यात पडला, आणि काळगरुडाने झेप टाकून मानगूट धरून त्यास वर काढिले, आणि मुकुंद खोकला आणि बोलिला, "दादा, माझी चप्पल राहिली!"

तेव्हा अनंतराव उठोन उभे राहिले. "बंद करा हे."

पडदा काळोखला, आणि मंडळीचा जीव टांगणीस लागला, कारण वर्षाची मेहनत या एका माणसाच्या शब्दावर होती.

"बाई, भाऊ बुडतो. त्याशिवाय गोष्टच नाही," अनंतराव बोलिले.

"काका, सकाळी साडेआठला पोरं दुधाचा पेला घेऊन बसतात हो. त्यांना कसं सांगू, भाऊ गेला म्हणून?"

"पण पंख त्याला भाऊ गेल्यावर फुटतात! आधी नव्हतेच!"

"म्हणून तर मी आधी फुटवले," मृणालबाई हळूच बोलिल्या. "शाळेत असताना तुमचं पुस्तक किती वेळा वाचलं मी. दर वेळी वाटायचं, पंख जरा लवकर आले असते तर?"

हाच प्रश्न उभा जन्म अनंतरावांणी मनात दाबून ठेविला होता, आणि तो एका परक्या मुलीने भर दरबारी उघडा केला. ते पुन्हा खाली बैसले आणि म्हणाले, "पुढचं दाखवा."

मग पुढे चालले, तो मुकुंद घरी येऊन दादाच्या ताटातली भजी पळवी, आणि बदकाशी भांडे, आणि जो काळगरुड कधी हासला नव्हता तो पोट धरून हासला. अनंतराव डोळे पुसते जाहले, आणि मंडळीस वाटले, संतापाने पुसतात.

"भोवरा राहिला," ते बोलिले.

"काय राहिलं, काका?"

"मुकुंदाच्या डोक्यात उजवीकडे भोवरा होता. केस कधी बसायचे नाहीत."

"पुस्तकात तर नाही तो."

"पुस्तकात नाही. त्याला होता."

तेव्हा बाईंस सर्व उमजले, आणि त्यांणी काही न विचारता कागद आणि पेन्सिल पुढे केली. अनंतरावांणी भोवरा काढून दिला, आणि मग बोलिले जे, "वाचलाय ना आता? मग मोठा होईल. मोठाही लागेल तुम्हाला पुढं." आजवर त्यांणी मुकुंद बारा वर्षांपुढे कधी काढिला नव्हता. हात थबकला, आणि मग चालला, आणि मुकुंदास मिशी आली, आणि कपाळ मागे हटले, आणि पोट सुटले. "अगदी आमच्या वडिलांवर गेला," ऐसे म्हणोन अनंतराव एकटेच हासू लागले, आणि हासता हासता त्यांणी मान्यता दिली.

एकूण तात्पर्य, काळगरुड नारिंगी जाहला आणि राज्यातील लेकरे त्यास बहुत मानू लागली. जुने वाचक रुष्ट होऊन घरी भांडावयास येत, त्यांस अनंतराव चहा पाजून वाटे लावीत. मुकुंद सुखरूप असे. इतके वर्तमान.