रकाना कोरा ठेवू नये

आमच्या वृद्धाश्रमात प्राण्यांना प्रवेश नाही, पाहुण्यांना आहे. त्यामुळे एका शनिवारी सकाळी साडेदहाला एक बाई कमरेएवढा घोडा घेऊन फाटकातून आत आल्या, तेव्हा मी त्याची नोंद पाहुणा म्हणून केली. यात माझं काय चुकलं ते अजून कोणी लेखी कळवलेलं नाही. भेटींची नोंदवही वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि एवढ्या वर्षांत मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही.

घोडा सर्कशीतला. पोरं बसवून बसवून त्याची पाठ सोलून निघाली, तेव्हा मालकाने त्याला हाकलून दिलं. घोडेवाल्या बाई अशी टाकलेली जनावरं सांभाळतात आणि एकट्या पडलेल्या माणसांना भेटायला नेतात. त्याने माणसाला बरं वाटतं म्हणे. आमच्या साहेबांनी तोंडी परवानगी दिली होती. लेखी विचारलं की त्यांना आठवत नाही.

"भेट कोणाला?" मी विचारलं.

"जे कोणाशीच बोलत नाहीत त्यांना."

म्हणजे खोली नंबर नऊ, गणिताच्या बाई. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि गेले सात महिने तोंडातून शब्द नाही. घोडा आत गेला आणि त्याने पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकली. बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"उशीर का झाला?" त्या म्हणाल्या.

आयाबाई तिथेच रडायला लागल्या. खरं सांगतो, मीही रडलो असतो. पण हातात वही होती. खोलीत फक्त नातेवाइकांना सोडतात, म्हणून नात्याचा रकाना भरणं भाग होतं.

"नातं काय लिहू, बाई?"

"नातू लिहा. माझा नातू यायचा होता, हा आला."

लिहिलं. त्यापुढे नातू दर शनिवारी येऊ लागला. बाई जेवू लागल्या, चालू लागल्या, घोड्याला पाढे विचारू लागल्या. तो गप्प राहिला की म्हणायच्या, "निदान चुकीचं तरी सांगत नाहीस. गुणी आहेस."

माझी आईही इथेच असते, खोली नंबर चौदा. तिला वाटेल तेव्हा भेटता येत नाही, कारण कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याने नातेवाइकाला भेटू नये असा नियम आहे, आणि माझी कामाची वेळ संपते तेव्हाच भेटीची वेळ संपते. रजेच्या दिवशी मी रजेवर असतो. वीस पावलांवर आहे, पण नियमापुढे कोणाचं काय चालतं?

सातव्या शनिवारी घोटाळा झाला. आमचा आश्रम फक्त निराधारांसाठी आहे. ज्याला वर्षात सहाच्या वर नातेवाइकांच्या भेटी होतात, तो निराधार राहत नाही, आणि त्याने महिन्याच्या आत पलंग मोकळा करायचा असतो. नियम रास्तच आहे. ज्यांची माणसं येत नाहीत त्यांच्यासाठीच तर आम्ही आहोत.

साहेबांनी वही बघितली. "नऊ नंबरच्या आजींना नातू आहे! सात वेळा आला! मग त्या इथे काय करताहेत?"

"साहेब, तो घोडा आहे."

"रकान्यात घोडा लिहिलंय?"

"नाही."

"मग झालं तर."

नातवाला नोटीस काढली. मी स्वतः बजावली. त्याने ती अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी मी पोच म्हणून फायलीला लावली. बाईंच्या सख्ख्या मुलालाही फोन केला. तो चांगलाच तापला. "तीन वर्षांत मी एकदाही पाऊल टाकलं नाही, का, तर आईचा पलंग जाऊ नये म्हणून! आणि तुम्ही खुशाल कोणालाही आत सोडता? लाज वाटत नाही?" त्याचंही बरोबर होतं. आमच्या दप्तरी तो आदर्श मुलगा आहे.

सुनावणी साहेबांच्या खोलीत झाली. गणिताच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या, एक हात घोड्याच्या मानेवर. या वयात पलंग गेला तर जायचं कुठे?

"आजीला सांभाळायला तुम्ही तयार आहात का?" साहेबांनी घोड्याला विचारलं. घोड्याच्या कानावर माशी बसली होती. त्याने दोनदा मान हलवली. मी इतिवृत्तात 'होकार' असं लिहिलं.

"अहो, काय चाललंय काय तुमचं?" घोडेवाल्या बाई भडकल्या. मग गणिताच्या बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "येता का माझ्याकडे? दोन शेळ्या आहेत, एक आंधळा मेंढा आहे, हा आहे. खोली लहान आहे, पण ऊन येतं."

"मी चालेन का तिथे?" बाईंनी विचारलं.

"न चालायला काय झालं? मी टाकलेल्यांनाच तर ठेवते."

बाई हसल्या. सात महिने न बोललेली बाई टेम्पोत बसून सतराचा पाढा म्हणत गेली. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'कुटुंब पुन्हा एकत्र आले.'

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे आश्रमातल्या म्हाताऱ्यांची ही रांग! प्रत्येकाला नातेवाईक हवा होता. कोणी शेळी मागितली, कोणी बदक. शेवटी काठी टेकत आई आली. मी चटकन घड्याळ बघितलं, कामाचीच वेळ होती.

"घाबरू नकोस, भेटायला नाही आले," ती म्हणाली. "अर्ज द्यायला आले. तो आंधळा मेंढा मला लावून दे. सात भेटी झाल्या की सुटले मी."

"नातं काय लिहू?"

"ती जागा मोकळीच आहे की रे," आई म्हणाली.

मी 'मुलगा' असं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

मेंढा आजवर सहा वेळा येऊन गेला, एकदाही खाडा नाही. येत्या शनिवारी सातवी भेट. आईने पिशवी भरून ठेवली आहे, हे मला आयाबाईंकडून कळलं.

तुमच्या घरचं कोणी आमच्याकडे असेल तर बिलकुल काळजी करू नका. मेंढ्याचे मंगळवार अजून मोकळे आहेत. नात्याच्या रकान्यात जे तुमचं नातं असेल तेच लिहू. मेंढ्याची काही हरकत नाही.