कानाला लावायचा कॅमेरा

वरसे गावातले आमचे शेजारी दिगूकाका कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. कानाला लावतात.

दुकानात शिरायचं, काचेमागचा कॅमेरा मागायचा, तो सरळ उजव्या कानाला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि बटण दाबायचं. मग फणस ठोकून बघणाऱ्या माणसासारखा गंभीर चेहरा करून म्हणायचं, "हं. बोलका हाय." आणि परत द्यायचा. रोह्यातल्या दुकानदारांनी सुरुवातीला त्यांना कौतुकानं कॅमेरे दाखवले, मग नुसताच चहा पाजला. आता काका लांबून येताना दिसले की ते जेवायला जातात, मग सकाळचे दहा का वाजले असेनात.

गंमत म्हणजे काकांना कान एकच. रोह्याच्या एका कंपनीत जन्मभर कॉम्प्रेसरशेजारी शिफ्ट केल्या. "डावा कान कंपनीनं ठेवून घेतला, बाकीचा म्हातारा घरी धाडला," असं ते कुणालाही सांगतात, न विचारता. अशा माणसानं कॅमेरा कानानं निवडायचा म्हणजे आंधळं दळतंय असलाच प्रकार. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "आवाजावरनं माणूस कळतो, मग कॅमेरा नाय कळनार?"

या कॅमेऱ्यासाठी त्यांचं एक बजेट होतं आणि त्या बजेटला वास होता. घरामागच्या तुकड्यात काका वाल लावतात. वाल विकून जे येईल तेवढ्यातच कॅमेरा. पेन्शनला हात लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलेलं. त्यामुळे दुकानात त्यांचा पहिला प्रश्न "केवढ्याला?" असा नसे. "वालात बसतो का?" असा असे. बिचारा विक्रेता कॅमेऱ्याची पेटी उलटीपालटी करून त्यावर वाल कुठे छापलाय ते शोधत बसायचा.

कॅमेऱ्यांच्या तिन्ही जाती त्यांनी आपल्या नातेवाइकांत बसवल्या होत्या. "कॉम्पॅक्ट म्हंजे आमची धाकटी मावशी. लहानशी, गप्प, कुठं पन मावते. पन जरा अंधारलं का घाबरते, तिला काय दिसत नाय. डीएसएलआर म्हंजे मेव्हना. काम एक नंबर, पन ग्लास उचलला तरी अख्ख्या आळीला ऐकू जातं. आत आरसा असतो ना, तो आपटतो. आनी मिररलेस म्हंजे शिकलेला जावई. आरसाच नाय, मग आपटेल काय? काम करतो, गप्प ऱ्हातो." मग उसासा. "पन वालात बसत नाय."

हे ज्ञान ते स्वतःपाशी ठेवत असते तर प्रश्न नव्हता. नागोठण्याला एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी फोटोग्राफरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा, तुझा कॅमेरा भटजींच्या वर आवाज लावतोय." भटजींना तो टोमणा आपल्यालाच वाटला. पुढची मंगलाष्टकं त्यांनी अशी खणखणीत म्हटली की वऱ्हाडातलं एक तान्हं रडायला लागलं.

काकांच्या घरची दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीचा त्यांचा गणपती. मूर्ती सुरेख, पण एक डोळा नीट आणि दुसऱ्याची रेघ भुवईपार निघून थेट कपाळात गेलेली. बाप्पा आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्ही मोदक चोरताना सापडलो. आरतीत मला हसू आवरेना. आणि यमुनाकाकू, म्हणजे काकांची बायको, ही तर पेणजवळच्या जोह्याच्या मूर्तिकारांची लेक. दरवर्षी आषाढ-श्रावणात माहेरी जाऊन भावाच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे काढते, त्याला तिथे आखणी म्हणतात. पंचक्रोशीतले गणपती हिच्या हातून बघायला लागतात, आणि हिच्या स्वतःच्या घरी हा दचकलेला बाप्पा! विचारलं तर काकू म्हणाल्या, "ह्यांना इचार." आणि काका एकदम दोन्ही कानांनी बहिरे झाले.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी सकाळीच ते फाटकात उभे. हातात पिशवी, अंगात लग्नातला शर्ट.

"मास्तरीनबाय, गाडी काढ. पेनला जायचंय. औंदा गनपती कारखान्यातनं निघायच्या आत कॅमेरा आला पायजे. नंतर आला तर मी त्यात वाल भरून ठेवीन."

मी शाळेत शिकवते. रविवार म्हणजे माझा कपडे धुवायचा दिवस. पण त्यांचा चेहरा बघून मी गाडी काढली. नागोठण्याच्या पुढे वाहनं तुंबली होती, आणि तिथे काका बोलायला लागले, समोर बघत.

"काकूचं औंदा शेवटचं. हात थरथरतो तिचा. मूर्ती बिघडायच्या आत आपन थांबावं, म्हनते. आनी तिचा डोळे काढतानाचा एक फोटो नाय माझ्याकडं. एक पन."

"मग मोबाईलवर काढा की."

"मोबाईलला कारखान्यात बंदी हाय. डोळे काढताना तिथं कोन बोलत पन नाय. पंखा बंद, रेडिओ बंद. मागं भाच्याचा डीएसएलआर मागून नेला होता. ती रेघ ओढते, आनी मी मागनं दाबलं बटन. खटॅक!"

मी ब्रेक दाबला, खरं तर गाडी उभीच होती. "म्हणजे तो तुमचा गणपती?"

"तोच. पुसून नीट करता आला असता. पन ती म्हनली, असू दे हा. आपल्या घरी नेऊ. तुम्हाला बघून दचकलाय, आता बसा बघत."

मी इतकी हसले की मागचा टेम्पो हॉर्न देऊन थकला. काकाही हसले. मग म्हणाले, "हसू नको गो. गनपती गेले का संपलं." मी गाडी पुढे घेतली.

पेणच्या दुकानात शेठ मालाचं वर्णन करायला लागणार तोच काकांनी मला एका स्टुलावर बसवलं. हातात पेन दिलं, समोर बिलाचा कोरा कागद. "तू काकू हो. डोळा काढ. मागं बघायचं नाय." आणि स्वतः माझ्या पाठीशी उभे राहिले. शेठ काउंटरमागे हळूच दोन पावलं सरकले.

पहिला डीएसएलआर. खटॅक! माझा डोळा कागदावरून निसटून शेठच्या काचेवर गेला. "मेव्हना," काका म्हणाले, "ठेवा आत." मग कॉम्पॅक्ट. आवाज नाही, माझा डोळा सुरेख. पण पावसाळी उजेड कमीच असायचा म्हणून काकांनी दुकानातला दिवा बंद करायला लावून फोटो काढला, तर त्यात मी, स्टूल आणि अंधार यांत फरक कळेना. मावशीही आत गेली. मग नवाकोरा मिररलेस. मी डोळा काढला, दुसरा काढला, शेवटी कंटाळून विचारलं, "काका, दाबताय ना?" ते कधीचे दाबत होते.

"वालात बसतो का?" काकांनी शेठना विचारलं, अगदी हळू. शेठना तोवर भाषा कळली होती. त्यांनी किंमत दाखवली. काकांनी कॅमेरा दोन्ही हातांनी परत ठेवला आणि पिशवीचे बंद उगीच घट्ट केले. मला वाटलं आपणच भर घालावी, पण त्यांनी माझा हात पर्सकडे जाताना पाहिला आणि असा डोळा वटारला की मी पर्स मांडीखाली घेतली.

शेठच पुढे आले. आतून एक जुना मिररलेस काढला. लग्नाच्या एका फोटोग्राफरनं बदलून टाकलेला, कोपरे घासलेले. "आवाज पूर्ण बंद होतो," म्हणाले, "फक्त तसा ठेवला तर ट्यूबलाइटखाली फोटोत पट्टे येतील."

"ती दाराच्या उजेडातच बसते," काका म्हणाले. "घासलेला तर मी पन हाय."

तो वालात बसला. काकांनी दुकानात सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, एका गिऱ्हाइकाशीसुद्धा.

आम्ही तसेच जोह्याला गेलो. कारखान्याच्या दारात काकू पाटावर बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ. समोर हातभर मूर्ती, सगळी रंगलेली, फक्त डोळे कोरे. आम्हाला बघून काकूंच्या भावानं तोंडावर बोट ठेवलं. काकूंनी कुंचला उचलला आणि मला तो थरथरताना दिसला. त्यांनी करंगळी बाप्पाच्या गालावर टेकवली आणि रेघ ओढायला घेतली. काका वाकून बाजूला सरकले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मी पहिल्यांदाच बघत होते. काही ऐकू आलं नाही. रेघ मात्र जिथे थांबायला हवी तिथे थांबली.

काकूंनी कुंचला पाण्यात बुडवला आणि मागे न बघता म्हणाल्या, "काढलात ना?"

काकांचा चेहरा पडला. "ऐकू आला?"

"कॅमेरा नाय आला. तुमचा श्वास बंद पडला. सुतारानं करवत चालवावी तसा घेता, तो एकदम थांबला तर समजनार नाय व्हय?"

आतापर्यंत दाबलेलं हसू सगळ्या कारखान्यात फुटलं. काकांनी घाबरत घाबरत कॅमेरा पुढे केला. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा नाकाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यात त्यांचा हात होता, कुंचला होता आणि बाप्पाचा नुकता उघडलेला डोळा.

"ह्यात थरथर दिसत नाय," त्या म्हणाल्या.

"कसली थरथर?" काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि दुसरी मूर्ती पुढ्यात ओढली.

"उजेड हाय तवर आनखी एक करते," त्या म्हणाल्या. "ऱ्हा उभे मागं. आनी श्वास घेत ऱ्हा."