सतराव्या क्रमांकाचे मन

बोरीवलीच्या सागरमाया सोसायटीतील लवू परब यांनी एका गोष्टीला होकार दिला, आणि तो जानकीबाईंना न विचारता दिला. (एकोणचाळीस वर्षांच्या संसारातील ही त्यांची दुसरी स्वतंत्र कृती. पहिलीविषयी घरात बोलले जात नाही.)

तिसऱ्या मजल्यावरची डॉक्टर प्रांजल ही मन भरकटते कसे आणि माणूस ते आवरतो कसे, यावर संशोधन करीत होती. आठवडाभर मोबाइलवर अवचित घंटी वाजणार. वाजेल त्या क्षणी मनात काय आहे ते लिहून कळवायचे. लवूंना सतरावा क्रमांक मिळाला. अडुसष्ट वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. या अभ्यासात शेवटपर्यंत टिकायचेच, असे त्यांनी मनोमन ठरवले.

अडचण एवढीच, की घंटी वाजे तेव्हा ते घरी नसत. देहाने गॅलरीतल्या आरामखुर्चीत असत; मन मात्र खारदांड्याच्या पाण्यावर, एका निळ्या होडीत आडवे पडलेले असे. होडी हलके हलके डुले, ढगांच्या सावल्या पोटावरून सरकत, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कोणी पूजेला बसल्यासारखा बारीक किणकिणाट येई.

तो किणकिणाट जानकीबाईंना स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येई. दवाखान्यात डॉक्टरांनी लवूंना ‘कुठे दुखते?’ विचारले, तरी उत्तर त्याच देत. तेव्हा मोबाइललाही त्यांनी सवयीने उत्तर दिले. प्रश्न ‘तुमच्या मनात’ असा होता, म्हणून अगदी प्रामाणिकपणे स्वतःचे मन लिहिले.

चौथ्या दिवशी प्रांजल धापा टाकीत वर आली.

“काका, बरे आहात ना? चार दिवस नुसता संताप, दहापैकी दहा. आज तर लिहिलंत, या माणसाला खुर्चीसकट उचलून खाली नेऊन ठेवावंसं वाटतं. कोणाला हो?”

लवू विचारात पडले. त्यांना असे कोणी आठवेना.

“ता मियां लिवलंय,” हात पुसत जानकीबाई बाहेर आल्या. “गॅलरी पुसूची होती, हे उठनत नाय. यांका काय विचारतंस? माका विचार.”

“काकू, मला मन काकांचं हवं होतं.”

“त्यांच्या मनात काय आसतला? आसता तर माका कळला नसता?”

प्रांजल मटकन बसली. ही नोंद आता बाद. सतरावा क्रमांक काढावा लागणार.

लवूंनी खुर्ची पुढे ओढली. “काढू नको गं मला. आत्ता समोर बसून विचार. मी सांगतो.”

तिने वही उघडली. “सांगा काका. या क्षणी तुमच्या मनात काय आहे?”

लवूंनी डोळे मिटले. पाणी होते, निश्चल. होडी कोठे दिसेना. ढगही गेलेले. त्यांनी क्षितिजापर्यंत शोधून पाहिले. जानकीबाई, आश्चर्य म्हणजे, या वेळी मदतीला आल्या नाहीत.

“काहीच नाही,” ते सत्यवचनी गृहस्थ म्हणाले.

“अगदी काहीच नाही?”

“अगदी.”

प्रांजलचा चेहरा उजळला. “मग राहा तुम्ही, काका. तुलनेसाठी रिकाम्या मनाच्या माणसांचा एक गट हवा होता; महिनाभर शोधतेय, एकही मिळत नव्हता.”

मन रिकामे असल्याच्या फॉर्मवर साक्षीदाराची सही लागत होती. ती जानकीबाईंनी चष्मा न शोधताच केली.