कोरफडीची कुंडी असलेली खिडकी

इंदिरानगरातल्या चोवीस फ्लॅटच्या एका सोसायटीत पाइपचा गॅस आला. मनोज देवरेच्या घरातली शेगडी दहा मिनिटांत नव्या गॅसवर आली. राहिला तो बाथरूममधला गिझर. तो होता सिलिंडरच्या गॅसचा, आणि गुडघ्याच्या उपचारासाठी सायखेड्याहून आलेल्या आईचा, वत्सलाबाईंचा, सगळा जीव त्यात अडकलेला.

"गार पान्यानं गुडघा लय धरतो बाबा. गिझर चालू व्हनार नसंल तर मी चालले घरी. आपला बंब बरा," असं सांगून त्यांनी पिशवी भरून दारापाशी ठेवली. उपचाराचे अजून वीस दिवस बाकी होते.

मनोज नियमाने चालणारा माणूस. 'जुन्या जेटचंच भोक मोठं करून देतो, हाय काय अन् नाय काय' म्हणणारा कुणी त्याने द्वारका चौकातून आणला नाही. गॅस कंपनीकडे रीतसर अर्ज केला, आणि अधिकृत मेकॅनिक मयूर आला. त्याने गिझरचे गॅस सोडणारे जुने जेट काढून पाइपच्या गॅसचे बसवले, साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा तपासला, ज्योत निळी जळते हे पाहिलं आणि सुरक्षितता प्रमाणपत्र येईपर्यंत कॉकला सील ठोकलं. मग त्याची नजर वर गेली. खिडकीत थंडीच्या आणि कबुतरांच्या बंदोबस्तासाठी पुठ्ठा कोंबलेला होता.

"साहेब, हा पुठ्ठा आधी काढा. गिझरला हवा लागते. कोंडलेल्या बाथरूममध्ये जो वायू साठतो त्याला ना वास, ना रंग. माणूस गाणं म्हणत आत जातो आणि त्याला बाहेर दुसरेच आणतात."

मनोजच्या अंगावर काटा आला. त्याने तत्काळ पुठ्ठा काढला, खिडकी पुसली, आईने गावाहून आणलेली कोरफडीची कुंडी तिथे ठेवली आणि प्रमाणपत्राच्या अर्जाला लागणारा 'खुल्या वायुवीजनाचा' फोटो काढला. शेजारधर्म म्हणून तो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, 'असा फोटो लागतो. नमुना.' अर्ध्या तासात तेवीस अंगठे आले. मनोजला फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत तेवीस प्रमाणपत्रंही आली. मयूर ज्यांच्या दारातसुद्धा गेला नव्हता, त्यांचेही गिझर कागदोपत्री सुरक्षित झाले. जेवणं उरकून मनोजने आपला अर्ज भरला, तो मात्र फेटाळला गेला. 'सदर छायाचित्र यापूर्वी तेवीस अर्जदारांनी सादर केले आहे. परकी खिडकी स्वतःची म्हणून दाखवणे ही गंभीर बाब असून आपणांस समज देण्यात येत आहे.'

तो तणतणत सेक्रेटरी यादवांकडे गेला.

"देवरे, तुम्हीच नमुना म्हणालात. आम्ही वापरला," यादव म्हणाले.

"अहो, पण तुमच्या खिडकीत उशी आहे!"

"असणारच. थंडी बघताय ना किती पडलीय?"

दुसऱ्या दिवशी मनोज सुट्टी टाकून गॅस कंपनीच्या सुरक्षा कक्षात गेला. तिथल्या सुवर्णा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, खिडकी माझी. कुंडीही माझ्या आईची."

"तेवीस जण ती त्यांची म्हणतात. तुम्ही एकटे आहात."

"मग घरी येऊन बघा ना!"

"प्रत्यक्ष पाहणी बंद केलीय. घरी जाऊन पाहिलं की फोटोशी मेळ बसत नव्हता. काम उगाच वाढायचं. तुम्ही असं करा, वेगळा फोटो द्या. आधीच्यासारखा अजिबात दिसता कामा नये."

बाथरूमला खिडकी एकच. मनोजने ती डावीकडून काढली, उजवीकडून काढली, कुंडी हलवून काढली, स्टुलावर चढून काढली. फोटो तपासणारी यंत्रणा हुशार, दर वेळी तिने खिडकी ओळखली. चौथ्या दिवशी वत्सलाबाईंनी पिशवी उचलली आणि रिक्षा बोलव म्हणाल्या. तेव्हा मनोजचं डोकं फिरलं. त्याने माळ्यावरचा पुठ्ठा काढला, खिडकीत गच्च कोंबला आणि फोटो पाठवून दिला.

आठ मिनिटांत उत्तर आलं. 'वायुवीजन समाधानकारक. मंजूर.'

मयूरने येऊन सील तोडलं. मनोज लगेच पुठ्ठा ओढायला गेला, तर मयूरने त्याचा हात धरला आणि प्रमाणपत्राची मागची बाजू दाखवली. 'छायाचित्रातील स्थितीत कोणताही बदल आढळल्यास जोडणी तत्काळ खंडित करण्यात येईल.'

"मग आईने गुदमरायचं का?" मनोज ओरडलाच.

"तुम्ही पुठ्ठा काढलात तर मी बघितलंच नाही, साहेब," मयूर हळूच म्हणाला. "पण कागदाचं मी काय करू?"

वत्सलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "आरं, ते फेक तिकडं पुठ्ठ्याचं! त्यांना फोटोच बघायचाय ना? मग घरात कोन येतंय बघायला? आमच्या बंबाला कधी कुनी फोटो मागितला नाय." त्यांनी काठीने पुठ्ठा खाली पाडला, कुंडी जागेवर ठेवली आणि गरम पाण्याची बादली भरून घेतली. आतून "आई गंऽ, किती बरं वाटलं" असं ऐकू आलं, तेव्हा मनोजचा जीव भांड्यात पडला. आजघडीला त्या इमारतीत खिडकी उघडी असलेला हा एकमेव गिझर आहे, आणि बेकायदेशीरही तोच.

तो नमुना फोटो मात्र एवढ्यात शेजारच्या सोसायट्यांत, तिथून पुढे पाव्हण्यारावळ्यांत पोचलाय. तेव्हा हसून झालं असेल तर आपल्या गिझरच्या प्रमाणपत्रावरचा फोटो जरा काढून बघा. त्यात कोरफड दिसली, तर ती वत्सलाबाईंची आहे. मग उठा, बाथरूममध्ये जा, आणि तुमच्या खिडकीत काय कोंबलंय तेही बघून या.