कायमचे बंद, पोळी गरम

मुख्यपृष्ठ

चेन्नईच्या टोकाला, पश्चिम तांबरममध्ये, रेल्वे स्थानकाच्या मागच्या रस्त्यावर, हेमावती पोळी स्टॉल नावाचे एक दुकान होते. तेथे दोन प्रकारच्या पोळ्या मिळत: डाळीची आणि नारळाची. तिसरा प्रकार मागणाऱ्यास डाळीची मिळे. पोळ्या हेमावती लाटत आणि भाजत असे. तिचे यजमान वेंकोबा त्या केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून देत. ही व्यवस्था इतकी बिनतक्रार चालू होती की तिच्यात सुधारणा करणे भाग होते.

हे प्रथम घरमालकांच्या लक्षात आले. घरमालक नागोजीराव हेही तंजावरकडचे मराठी, वेंकोबांचे लांबचे नातलग. त्यामुळे ते पोळी नात्याने खात आणि भाडे कायद्याने घेत. जागेचा करार दिवाळीनंतर संपणार होता.

"तुमचें दुकान फोनमध्यें दिसत नाही," ते एका दुपारी पोळी खाता खाता म्हणाले.

"फोनमध्यें कशास दिसावें?" वेंकोबा म्हणाले. "रस्त्यावर दिसतें आहे की."

"रस्त्यावर सगळेंच दिसतें. फोनमध्यें वाढतांना दिसलें तर करार पुढें लिहूं. नाही तर जागा सोडा. मागून वाईट वाटून घेऊं नका."

"वाईट कशास वाटेल," हेमावती तव्याकडे बघत म्हणाली. "अजून एक पोळी घालूं?"

"घाला."

आमच्याविषयी

*राजवैभवाच्या तंजावरातून थेट तुमच्या ताटात. तीन शतकांची परंपरा, एक तवा, अगणित आठवणी. आम्ही पोळी विकत नाही; आम्ही नाती भाजतो.*

हा मजकूर निधीने लिहिला. निधी पुण्याहून येऊन वेलचेरीत राहणारी मुलगी. लहान धंद्यांना संकेतस्थळ आणि ऑनलाइन जाहिरातीच्या जोरावर मोठे करणे हा तिचा धंदा होता, आणि तो अजून लहान होता. ती मन लावून काम करी. पहिल्याच दिवशी तिने हेमावतीच्या हातांचे इतके फोटो काढले की नारळाची एक अख्खी खेप करपली.

"तीन शतकें?" हेमावतीने विचारले. "मी तर लग्न होऊन आल्यावर शिकलें. शेजारच्या मामीकडून. ती तमिळ."

"काकू, ते लिहिलं तर कोण वाचेल?"

"खरें आहे की पण."

"खरं आपण वेगळ्या पानावर टाकू. त्याच्यासाठी एक पान ठेवलंय मी."

आमची खरी गोष्ट

हे पान तयार होत आहे.

ग्राहक म्हणतात

संकेतस्थळ सुरू झाले, फोनमधल्या नकाशावर दुकानाची लाल खूण उमटली, आणि अभिप्राय येऊ लागले. पाच तारे. पाच तारे. पुन्हा पाच तारे. कोणी लिहिले, अशी पोळी तांबरममध्ये दुसरीकडे नाही. कोणी लिहिले, आईची आठवण झाली. निधी रोज संध्याकाळी ते वाचून दाखवी आणि वेंकोबांचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत जाई.

याचे कारण निधीला ठाऊक असणे शक्य नव्हते. वेंकोबांच्या घराण्यात भरभराट उघड्यावर ठेवायची नाही असा नेम आहे. दारावर राक्षसाचे तोंड रंगवलेला कोहळा टांगायचा तो दृष्ट लागू नये म्हणून. धंदा कसा आहे असे कोणी विचारले तर "कसचें काय, ओढतों आहे झालें" असे म्हणायचे, तेही उसासा टाकून. गल्ला भरत असेल तर उसासा मोठा. गोऱ्या बाळाच्या गालाला काजळ लावायचे. आणि इथे तर सगळ्या मद्रासेसमोर पाच तारे झगझगत होते, गालाला ठिपका नाही.

वेंकोबांनी तो लावला. त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून फोनवर दुसरे खाते उघडून घेतले आणि आपल्याच दुकानाला लिहिले:

*पोळी बरी. तूप कमी. वेंकोबा म्हणून आहे, तो फार बोलतो. एक तारा.*

मग त्यांना शांत झोप लागली.

सकाळी नकाशाने हा अभिप्राय "सर्वांत उपयुक्त" ठरवून सगळ्यांत वर लावला होता. पाच तारेवाले सगळे सारखेच बोलत होते. मुद्द्याचे बोलणारा हा एकटाच निघाला. दुपारपर्यंत त्याला अनुयायी मिळाले. ज्यांनी आदल्या आठवड्यात बोटे चाटली होती त्यांनाही तूप कमीच होते असे आठवले. एकाने लिहिले, "मी गेलो नाही, पण फोटोवरून कळते."

"तूप कमी?" हेमावती म्हणाली. "माझ्या पोळींत?"

तिने कोणाशीही न बोलता दुसऱ्या दिवशी दुप्पट तूप सोडले. संध्याकाळी अभिप्राय आला: तूप जास्त.

"काका," निधी म्हणाली, "तो पहिला माणूस कोण ते शोधून काढू या. नकाशाकडे तक्रार करता येते."

"नको मा," वेंकोबा म्हणाले. "लिहिणारा कोणी वाईट मनुष्य नसेल."

"तुमच्याबद्दल किती खवचट लिहिलंय त्याने."

"तेवढें खरें आहे," हेमावती म्हणाली.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रश्न: एवढ्या उलटसुलट अभिप्रायांनंतर नकाशाने काय केले?*

उत्तर: नियमाप्रमाणे पडताळणी केली. पडताळणी म्हणजे एक यंत्र फोन करते आणि तमिळमध्ये गोड बोलते.

*प्रश्न: यंत्राने काय विचारले?*

उत्तर: "वणक्कम. आपला व्यवसाय सध्या सुरू आहे का?"

*प्रश्न: वेंकोबांनी काय सांगितले?*

उत्तर: त्या वेळी दुकानापुढे रांग होती. अशा वेळी तर फारच सांभाळून बोलावे लागते. वेंकोबांनी मोठा उसासा टाकला आणि म्हणाले, "कसचें सुरू, अम्मा. बंद पडल्यासारखेंच आहे. आज आहे, उद्यां नाही."

*प्रश्न: यंत्राच्या ऐकण्यात चूक झाली का?*

उत्तर: नाही. यंत्राने शब्दन् शब्द बरोबर ऐकला. उसासाही नोंदवला. यंत्राला फक्त एवढेच शिकवलेले नव्हते की तांबरममध्ये असे म्हणणारा माणूस त्या क्षणी पैसे मोजत असतो.

*प्रश्न: मग?*

उत्तर: यंत्र म्हणाले, "माहितीबद्दल आभार." दुकानाच्या नावापुढे लाल अक्षरांत उमटले: कायमचे बंद.

हे पान सापडले नाही

पहिला परिणाम एका कॉलेजच्या मुलीवर झाला. ती शेअर ऑटोतून उतरली, दुकानासमोर उभी राहिली, फोनकडे पाहिले, आणि तिचा चेहरा पडला. तव्यावर तूप चुरचुरत होते.

"ये मा," हेमावती तमिळमध्ये म्हणाली. "गरम आहे."

"नको आंटी. बंद दाखवतंय."

"कोण बंद? मी इथें उभी आहें की."

मुलीने एकदा हेमावतीकडे आणि एकदा फोनकडे पाहिले. दोहोंपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. "एवढ्या लांबून आले होते," ती खिन्नपणे म्हणाली आणि पुढच्या ऑटोत बसली.

निधीने तातडीने अपील केले. नकाशाने कळवले की दुकान सुरू असल्यास आत ग्राहक खात असतानाचा व्हिडिओ पाठवावा. आत त्या वेळी एकच ग्राहक होते: रत्नाकर, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे तांबरमला राहायला आलेले मराठी गृहस्थ. ते रोज येत आणि रोज डाळीची खात.

"काका, फक्त कॅमेऱ्याकडे बघून घास घ्या," निधी म्हणाली.

रत्नाकरांनी घास खाली ठेवला. "दुकान रेकॉर्डवर बंद आहे ना?"

"चुकून."

"चुकून असो नाहीतर कसंही. रेकॉर्डवर बंद असलेल्या जागेत मी खाताना दिसलो, तर मी काय खातोय?"

"पोळी."

"असं तुम्ही म्हणता. उद्या कोणी विचारलं की पोळी कुठून आली, तर मी कुठलं दुकान सांगू? मला पेन्शन आहे, बाळा." ते उठले, उरलेली पोळी पानात गुंडाळून घेतली, आणि दारात थबकून वेंकोबांना म्हणाले, "उघडलंत की कळवा हो. सवय झालीये तुमच्या पोळीची."

शेवटी निधीने स्वतःच ग्राहक होऊन खाल्ले आणि व्हिडिओ पाठवला. उत्तर आले: *आपला व्हिडिओ उत्तम आहे. परंतु बंद व्यवसायांकडून व्हिडिओ स्वीकारले जात नाहीत. कृपया व्यवसाय सुरू झाल्यावर पाठवावा.*

"आतां काय करायचें?" हेमावतीने विचारले. पीठ भिजलेले होते, पुरण वाटलेले होते, आणि दिवाळी जवळ आली होती.

"उघडायचं," निधी म्हणाली.

"उघडेंच आहे."

"तेच तर, काकू."

आमची प्रगती

यानंतर जे घडले त्याची कोणत्याही योजनेत तरतूद नव्हती. दुकान बंद झाल्याची बातमी पसरली आणि लोकांना दुःख झाले.

दुःख मोठे होते. एकाने लिहिले, "माझ्या बालपणाचा एक तुकडा आज गेला." हा माणूस चेन्नईत गेल्याच पावसाळ्यात आला होता. दुसऱ्याने लिहिले, "अशी दुकाने आपण जपली नाहीत, आपण सगळे गुन्हेगार आहोत." या वाक्याला हजारो लोकांनी हृदय दिले आणि गुन्हा एकमेकांत वाटून घेतल्यामुळे कोणाच्या वाट्याला फारसा आला नाही. तूप कमी म्हणणाऱ्यांनी आपले अभिप्राय मागे घेतले. पुन्हा पाच तारे. हेमावतीच्या हातांचा फोटो, तोच, नारळ करपला त्या दिवशीचा, काळापांढरा करून गावभर फिरला. खाली लिहिले होते: *हे हात आता विसावले.*

हेमावतीने तो पोळी लाटता लाटता पाहिला. "हात बरे आले आहेत," ती म्हणाली.

निधीचा अहवाल असा: भेटी अनेक पटींनी वाढल्या, प्रतिसाद अभूतपूर्व, ब्रँड भावनिक पातळीवर पोचला. विक्री या रकान्यात तिने आडवी रेघ मारली होती.

"काका, एक सांगू का," ती म्हणाली, आणि तिला खरेच वाईट वाटत होते. "आत्ता अपील जिंकलं तर हे सगळं उतरेल. लोकांना वाटेल आपण फसवलं. बंद राहून जेवढं वाढतोय तेवढं उघडं राहून नसतो वाढलो."

वेंकोबांनी सवयीने उसासा टाकायला तोंड उघडले. मग त्यांच्या लक्षात आले की या वेळी तो खरा आहे, आणि त्यांनी तो आतच ठेवला.

दिवाळीनंतर नागोजीराव आले. डोळे लाल होते. ते बाकावर बसले आणि फोन पुढे धरून म्हणाले, "केवढें लिहिलें आहे लोकांनी. वाचवत नाही. एवढें मोठें दुकान, माझ्या जागेंत होतें, आणि मज कळलें नाही."

"आहे," हेमावती म्हणाली. "नाग्याभावोजी, दुकान आहे."

"असें माणूस गेल्यावर घरच्यांसही वाटतें." त्यांनी पोळी घेतली, खाल्ली, डोळे पुसले. "तुम्हांस सांगायास आलों. जागा एका कॅफेवाल्यास दिली. बंद दुकान किती दिवस तसेंच ठेवणार? पण मी अट घातली आहे. तुमची आठवण राहिली पाहिजे. भिंतीवर हातांचा फोटो मोठा करून लावणार. नावही तेंच, हेमावती. पोळी ते कोठून तरी थंड पेटींतून आणवतील."

"तुम्ही म्हणालां होतां, फोनमध्यें वाढलें तर करार पुढें," वेंकोबा हळूच म्हणाले.

"म्हणालों होतों. वाढलेंही. पण करार कोणाशीं करूं?" नागोजीरावांनी हात झटकले, मग सवयीने पान पुढे केले. "अजून एक असेल?"

हेमावतीने घातली.

संपर्क

कॅफे चांगला चालतो. भिंतीवरच्या हातांपुढे लोक फोटो काढतात.

हेमावती आता मागच्या गल्लीत, घराच्या ओटीवर तवा मांडून बसते. पाटी नाही, खूण नाही. दुपारी चार वाजता पोळी तव्यावर असते, डाळीची आणि नारळाची. वेंकोबा पान कापून ठेवतात. काल दोन जण आले होते. एक रस्ता विचारायला.

तुम्ही इथवर वाचलेत, आभारी आहोत. मध्ये कुठेतरी तुम्हाला वाईट वाटले असेल. ते कळवण्यासाठी खाली जागा ठेवली आहे. आता तुम्ही हे दोनचार जणांना पाठवाल, "वाचाच" असे वर लिहून. त्यांनाही वाईट वाटेल आणि तेही पुढे पाठवतील. त्यातल्या कोणालाही भूक लागल्याचा अनुभव आम्हाला अजून आलेला नाही.

चार वाजले आहेत.