टोमॅटो नसलेला टोमॅटो सॉस

सॉसच्या कारखान्यात चव बघणाऱ्या माणसालाच टोमॅटो वर्ज्य व्हावा, म्हणजे नशिबाने थट्टेची हद्दच केली. टोमॅटोचा थेंब पोटात गेला की पाच मिनिटांत अंगभर पित्ताच्या गांधी! डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "अंगावर पित्त उठवणारं हिस्टामिन ज्याने वाढतं, ते सगळं बंद. टोमॅटो, वांगं, पालक, लोणचं, शिळंपाकं काही नको. ताजी कंदमुळं खा."

"हा डॉक्टर माझ्या मुळावर उठलाय," तो घरी येऊन करवादला.

"म्हणून तर मुळंच खायला सांगितलीत," बायको म्हणाली आणि रोज डब्यात रताळं, गाजर, बीट भरू लागली.

कारखान्यात हे कळलं असतं तर नोकरी गेलीच असती. म्हणून तीन आठवडे तो सॉसचा नुसता वास घ्यायचा, "फक्कड!" म्हणायचा आणि सही ठोकून द्यायचा.

मग एके दिवशी मोठ्या हॉटेलांची खरेदी बघणाऱ्या एक बाई आल्या. मालकांनी कौतुकाने ओळख करून दिली, "हे आमचे चाखणारे काका. जीभ म्हणजे तराजू!"

"मग वाटीभर खाऊन दाखवा की काका," बाई म्हणाल्या. "मी बसते इथेच."

मालकांचा चेहरा का उतरला, हे त्याला कळलं नाही. त्याचा स्वतःचाच उतरला होता. डोळे मिटून त्याने वाटी संपवली आणि बाही वर करून हाताकडे बघत बसला. पाच मिनिटं झाली. पाव तास झाला. ना खाज, ना गांधी. आनंदाच्या भरात त्याचं भानच सुटलं.

"मालक, यात टोमॅटो नाहीच! बीट, गाजर, रताळं... अहो, हा तर माझाच डबा!"

मालक लालबुंद झाले. "तीन आठवडे टोमॅटोची गाडीच आली नाही. पण रोज सही तर तुम्हीच करत होता ना?"

"मी नुसता वास घेत होतो," तो खाली मान घालून म्हणाला. "मला टोमॅटो चालत नाही."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चमचा उचलला. "मलाही नाही चालत. म्हणून तर तुम्हाला खायला लावलं." बघता बघता त्यांनी दुसरी वाटी चाटूनपुसून संपवली. "दोन वर्षांनी सॉस खातेय मी! बाटलीवर कंदमुळांचा सॉस म्हणून खरं नाव लिहा आणि सगळा माल मला द्या. चव मात्र हेच काका बघतील. आणि खाऊन बघतील!"

मालकांना हो म्हणावंच लागलं. दिवसभर मात्र ते त्याच्याकडे बघून दातओठ खात होते.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "काय हो, आज पित्त खवळलं नाही ना?"

"खवळलं की," तो चपला काढत म्हणाला. "मालकांचं."